एक जूनचे दोन दत्तू

माझा जन्म एक जूनचा. खरा केव्हाचा, ते आईलाही धड सांगता येत नाही. "भाताची लावनी आटपली व्हती आन् तुझा बाप तापानं पडला व्हता," एवढंच तिच्या लक्षात आहे. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगितला. बोटं कानाला टेकली, म्हणजे वय भरलं. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून गुरुजींनी एक जून लिहून टाकलं आणि पुढच्या पोराला कान धरायला लावला. आमच्या वर्गात झाडून सगळे एक जूनचे. वाढदिवस ही भानगड तेव्हा आमच्या चांदे गावात नव्हतीच, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते पुढे, सगळीकडे कंप्युटर आल्यावर. आणि ते निस्तरायचं काम माझ्याच वाट्याला आलं.

मी हिंजवडीत नोकरी केली. बरोबरचे सगळे लातूर, नांदेड, अमरावतीकडून आलेले, मारुंजीत खोल्या घेऊन राहणारे. त्यांना गावाकडची आठवण यायची. माझं गावच बांधापलीकडे होतं. मी डबा विसरले तर आई भावाच्या हाती पाठवायची आणि तो गेटवर सिक्युरिटीशी हुज्जत घालत उभा राहायचा. त्याचं म्हणणं, ही जागा आपल्या चुलत्याची होती, मला कसला पास मागता? माझी त्या गेटवर बरीच शोभा झाली आहे.

कामाचं नाव डेटा इंटिग्रेशन. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी सांगायला तोंड उघडायच्या आत आई सांगून मोकळी व्हायची, "कंपूटरांची भांडनं मिटवती ती." पहिली काही वर्षं मी तिला दुरुस्त करत असे. मग सोडून दिलं, कारण मला तरी याहून बरं कुठे सांगता येत होतं?

दोन यंत्रं तारेनं जोडली की ती एकमेकांशी बोलायला लागतात, असा लोकांचा समज आहे. डोंबल बोलतात! तारेतून नुसती अक्षरं आणि आकडे पोचतात. त्यांचा अर्थ काय घ्यायचा, हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं शिकवलेलं असतं. एकीकडे पुरुष म्हणजे एक आणि बाई म्हणजे दोन, दुसरीकडे पुरुषाला एम आणि बाईला एफ. एकीकडे माणसाचं नाव सलग एका रकान्यात, दुसरीकडे नाव, बापाचं नाव, आडनाव असे तीन रकाने. एकीकडे आधी दिवस मग महिना, दुसरीकडे आधी महिना मग दिवस. म्हणून मध्ये बसून इकडचं तिकडच्या पद्धतीनं मांडून देणारा एक प्रोग्रॅम लागतो. तो मी लिहायची. त्यासाठी आधी एक लांबलचक तक्ता करायचा: इकडच्या या रकान्यातलं तिकडच्या त्या रकान्यात, वाटेत हा बदल करून. याला आम्ही मॅपिंग म्हणतो. काम रटाळ असतं. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकलं तर मात्र सगळ्यांना आपलं नाव पाठ होतं.

मशीन अडून बसलं, स्क्रीनवर लाल अक्षरं आली, तर ती चूक परवडते. लगेच कळते, लगेच धावता येतं. घातक चूक ती, जिचा आवाज होत नाही. पिरंगुटच्या एका कारखान्यात रंग कालवायचं जर्मन यंत्र आणलं होतं. जर्मन लोक साडेसात लिहिताना मध्ये टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. आपल्याकडे आकड्यातला स्वल्पविराम हजार-लाख मोजायला. तो काढून टाकला तरी आकडा तोच राहतो, म्हणून आमच्या एका हुशार पोरानं तो काढून टाकला. साडेसातचे झाले पंचाहत्तर. यंत्रानं तक्रार केली नाही. पंचाहत्तर हाही चांगला आकडाच आहे की! हिरव्या रंगात काळा साडेसातऐवजी पंचाहत्तर भाग पडला आणि तिथला सुपरवायझर मला फोनवर म्हणाला, "मॅडम, जरा येऊन बगा. म्या हिरवा मागितला व्हता, हितं डांबर तयार झालंय."

दुसरी गंमत एका विमा कंपनीची. त्यांच्या जुन्या सिस्टिमकडून नव्या सिस्टिमकडे माहिती नेताना कुणीतरी दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली. एक जूनचे सगळे सहा जानेवारीचे झाले. त्या जानेवारीत निम्म्या महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्यांना एकाच सकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे मेसेज गेले. तक्रार फक्त एकाची आली, एका निवृत्त मास्तरांची. फोन फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. ते म्हणाले, "बाई, माझा जन्म एक जूनचाही नाही आणि सहा जानेवारीचाही नाही. पण खोटंच लिहायचं असेल, तर निदान एक काहीतरी धरून चाला." मला हसू आवरेना. त्यांच्याएवढं नेमकं आमच्या कंपनीतल्या कुठल्या बड्या साहेबालाही कधी सांगता आलं नाही.

आता दत्तूंकडे येते. नावं बदलली आहेत, आजार थोडे इकडचे तिकडे केले आहेत आणि दोन्ही घरांना विचारून लिहिते आहे.

आमच्या भागातल्या एका हॉस्पिटलनं खोऱ्यातले दोन जुने छोटे दवाखाने चालवायला घेतले. तिथल्या पेशंटांची सगळी जुनी माहिती हॉस्पिटलच्या नव्या सिस्टिममध्ये आणायची होती. ते काम आमच्या कंपनीकडे आलं. मॅनेजर होता निखिल, अमरावतीचा, वयानं माझ्या भाच्याएवढा, इंग्रजी शाळेतून शिकलेला, स्वभावानं गरीब. पहिल्याच आठवड्यात तो लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, सोर्स डेटा खराब आहे. हे बघा ना, चाळिशीच्या पुढचे निम्मे पेशंट एक जूनचे. ही डिफॉल्ट व्हॅल्यू दिसते. तारीख माहीत नसली की सिस्टिम आपोआप टाकत असेल. मी उडवून टाकतो."

"उडवू नकोस. ती माणसं एक जूनचीच आहेत."

"असं कसं होईल? अख्खं गाव एकाच दिवशी?"

"मीही एक जूनचीच आहे," मी म्हटलं. "घरी फोन करून वडिलांची तारीख विचार."

त्यानं तिथंच फोन लावला. बोलता बोलता त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोन ठेवून म्हणाला, "एक जून. मॅडम, आम्ही दरवर्षी केक कापतो हो!"

तारखा वाचल्या, पण पुढचं संकट त्यांच्यामुळेच आलं. दोन दवाखान्यांची माहिती एकत्र करताना एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून नव्या सिस्टिमचा एक नियम होता. नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि पिनकोड हे चारही जुळले तर तो एकच माणूस धरायचा. जिथं हा नियम केला तिथं तो बरोबरच असणार. आमच्या खोऱ्यात एका वाडीत एकच आडनाव, देवाधर्माची तीच तीच नावं, पिनकोड सगळ्यांचा एक, आणि जन्मतारीख गुरुजींनी दिलेली. सिस्टिमनं पटापट दोन दोन माणसांचा एक एक माणूस करून टाकला. त्या जोड्या मी एकेक करून सोडवायला बसले आणि त्यात मला रिह्याचे दोन दत्तात्रय किसन दिसले.

रिहे हे माझ्या आईचं माहेर. हे दोघंही दत्तू मला लहानपणापासून माहीत होते. भावकीतले, आळीत समोरासमोर घरं, एकाच वर्षी शाळेत गेलेले. वाडीला त्यांच्यात कधी गोंधळ झाला नाही. एक पंप दत्तू, कारण तो ग्रामपंचायतीचा पाण्याचा पंप चालवायचा. दुसरा मिलिटरी दत्तू. मिलिटरीत तो कधी गेला नव्हता, नुसती हिरवी पँट घालायचा. मी त्यांना पंपमामा आणि मिलिटरीमामा म्हणायची. जुन्या दवाखान्यात दोघांचे नंबर वेगळे होते, त्यामुळे त्यांना वेगळं करणं सोपं होतं. ते करून मी पुढच्या जोडीकडे जायला हवं होतं. पण माणसं ओळखीची. जरा डोकावले.

पंपमामांच्या माहितीत काही वर्षांपूर्वीची एक नोंद होती. पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन दिल्यावर चेहरा सुजला, श्वास अडकला, पुन्हा देऊ नये. ठीक. पण त्यानंतर त्याच माणसाला पायाच्या जखमेसाठी, दुसऱ्या दवाखान्यात, त्याच जातीचं इंजेक्शन दिलेलं होतं. एकदा नव्हे, लागोपाठ काही दिवस. आणि काहीही झालं नव्हतं. ज्याला एकदा ते विषासारखं लागलं, त्यालाच नंतर ते गुमान पचलं? मग मी मिलिटरीमामांची माहिती उघडली. तिथं ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' असं होतं. आणि खाली हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख पडलेली होती, नव्या हॉस्पिटलात, पुढच्याच आठवड्यातली. ऑपरेशनच्या आधी जंतू होऊ नयेत म्हणून जे इंजेक्शन देतात, ते बहुतेक वेळा याच जातीचं, नाहीतर त्याच्या भावकीतलं असतं, हे दवाखान्यांची कामं करून करून मला ठाऊक झालं होतं.

हॉस्पिटलच्या ज्या डॉक्टरबाई आमचं काम बघत होत्या, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जुन्या नोंदीत आहे तसंच आणा. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं असेल तर कारण लेखी द्या, मी सही करते. आणि तुमच्याच आजोळची माणसं आहेत म्हणता, तर विचारून या की."

रविवारी गाडी काढली आणि रिह्याला गेले.

मिलिटरीमामा पुण्याच्या कुणा साहेबाच्या फार्महाऊसवर राखणीला होते. गेटच्या आत, आंब्याखाली, खुर्ची टाकून बसले होते. कमरेला पट्टा.

"जय भीम, मामा."

"जय भीम. शांताची मंगल न्हवं तू? ये ये. चांद्याला बरं हायेत का समदे? बस. साहेब हितं न्हाईत, आज आपलाच बंगला हाय."

इकडचं तिकडचं झालं. मग मी सरळच विचारलं, "मामा, तुम्हाला कधी इंजेक्शनचा त्रास झाला होता?"

ते खुर्चीत सावरून बसले. "कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. कंप्युटरवर काहीतरी जुळत नाही, म्हणून विचारते."

"त्येला काय करायचंय नसत्या चौकशा," असं पुटपुटले, पण मग सांगितलं. मामांचं नाव थोरल्या भावाच्या रेशनकार्डावर, भाऊ बाहेरगावी, त्यामुळे फुकट उपचाराच्या सरकारी योजनेचं कार्ड तेव्हा निघालेलं नव्हतं. छातीत कफ भरून ताप चढला, दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा पंपमामांनी स्वतःचं कार्ड त्यांच्या खिशात घातलं.

"नाव त्येच, बापाचं नाव त्येच, तारीख तीच. तितं इचारलं, दत्तात्रय किसन का? म्या म्हनलं, व्हय. आता तूच सांग, खोटं काय बोललो?"

खोटं काहीच नव्हतं. माझ्या सिस्टिमनं आठवड्याभरापूर्वी नेमकं तेच केलं होतं, आणि तिच्यापाशी तर तापाचं निमित्तही नव्हतं.

"इंजेक्शान दिलं आन् तोंड ह्ये भोपळ्यावानी झालं. श्वास घेता येईना. दत्तू उरावर बसल्यावानी मला हालवतोय, सरू बाहीर रडतीया. डाक्टरनं दुसरी सुई मारली म्हनून ऱ्हायलो."

सरू म्हणजे सरूमामी, पंपमामांची बायको. मी म्हटलं, "मग मामा, हे ऑपरेशनवाल्या डॉक्टरला सांगायला पाहिजे. तिथं तुमच्या नावापुढं ॲलर्जी नाही असं लिहिलंय. त्यांनी तेच इंजेक्शन दिलं तर?"

"न्हाई सांगायचं."

"अहो, का?"

"सरूचं मूतखडं... न्हवं, मूत्रपिंडं गेलीत दोनी. हप्त्याला दोनदा मशिनीवर रगत धुवून घ्याय जाती. कंच्या कारडावर? त्येच कारडावर. म्या सांगितलं मला ह्ये झालं हुतं, की ते इचारनार कवा, कुटं, कुनाच्या कारडावर. दत्तूनं कारड दुसऱ्याला वापराय दिलं म्हनून कारड बंद. मग सरू काय करंल? घरी बसून मरंल?"

"नुसतं ॲलर्जी आहे एवढंच सांगा. पुढचं कशाला सांगताय?"

"आन् इचारलं तर? मला येक खोटं पचतं, मंगल. त्येच्यावर दुसरं रचाय येत न्हाई."

"मामा, जीव जाईल!"

"न्हाई जात. येकदा वाचलो न्हवं?"

"तेव्हा डॉक्टर शेजारी होता म्हणून वाचलात."

"मग ऑपरेशनला काय डाक्टर गावाला गेलेला आसतोय?" असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही, रागच आला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन् पंपाला यातलं काय बोलू नगंस. त्यो खुळा सरळ जाऊन बोंबलत सांगंल. त्येच्या ध्यानात बी नसंल आता. घे शप्पथ."

शपथ मी घेतली नाही. बघू म्हणाले आणि गाडी वळवली.

परत येताना घोटवड्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन मी बराच वेळ बसले होते. माझ्या हातात होतं ते अगदी साधं होतं. मिलिटरीमामांच्या नोंदीत ॲलर्जीच्या रकान्यात एक ओळ टाकायची. पण आमच्या कामात प्रत्येक ओळीमागे ती कुठून आली हे लिहावं लागतं: कुठला दवाखाना, कुठला नंबर. ते नसेल तर तपासणीत ओळ बाहेर पडते आणि कारण विचारतात. कारण म्हणजे कार्ड. फिरून तिथंच. आणि स्वतःच्या मनानं एक ओळ घालायची तर ती उद्या कुणीही घालेल. मग लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. एवढी वर्षं मी माणसांची माहिती इकडून तिकडे नेली. लाखांनी ओळी असतील. त्यातल्या एकाही ओळीचं माणूस मी खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं, त्याच्या घरचा चहा प्यायले नव्हते. काम तसं असतं हे खरं, पण तसं आहे म्हणून मी कुणाला भेटायचा कधी प्रयत्नही केला नाही, हेही खरं. त्याची खंत आहे.

शेवटी ठरवलं. मामांच्या भरतीच्या दिवशी हॉस्पिटलात जायचं. मामांनी स्वतः सांगितलं तर उत्तम. नाही सांगितलं तर मी सांगणार, मग कार्डाचं जे व्हायचं ते होवो. एकाचा जीव एका इंजेक्शनावर होता, दुसरीचा हप्त्याला दोनदा मशीनवर. दोन्हीकडे माझीच माणसं, आणि निवडायचं मी. निखिलला म्हटलं, मला त्या दिवशी सुट्टी हवी. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिम चालू होऊन तिसरा दिवस असेल, तुम्ही नसलात तर कसं?" मी म्हटलं, "मी सिस्टिमच्याच कामाला चालले आहे."

हॉस्पिटलात भरतीच्या टेबलाशी रांग होती. मिलिटरीमामा आले ते हिरव्या पँटीत, कडक इस्त्री करून, आणि त्यांच्यामागे त्यांची पिशवी घेऊन पंपमामा. दोघं आयुष्यभर एकमेकांच्या पिशव्या धरत आलेले, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. मला बघून मिलिटरीमामांनी डोळे मोठे केले, म्हणजे गप्प राहा. पंपमामा म्हणाले, "मंगल, तू बी आलीस? बरं झालं. आमाला हितलं काय कळत न्हाई."

नंबर आला. टेबलावर एक सिस्टर होत्या, तरुण, वेगानं टाइप करणाऱ्या. समोर आमचीच स्क्रीन. मी त्यांच्या मागच्या बाजूला उभी, सगळे रकाने मला तोंडपाठ.

"दत्तात्रय किसन? जन्मतारीख एक जून?"

"व्हय."

"साखर, ब्लडप्रेशर?"

"न्हाई."

"आधी कधी ऑपरेशन?"

"न्हाई."

"कुठल्या औषधाची, इंजेक्शनची ॲलर्जी? इथं नाही लिहिलंय. बरोबर ना?"

मिलिटरीमामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय," ते म्हणाले. "न्हाई म्हंजी न्हाई."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी मागून पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पंपमामा पुढे झाले.

"खोटं बोलतोय त्यो. हाय त्येला ॲलर्जी. पेनिसिलिन का काय म्हनत हुते. मरता मरता वाचलाय, म्या तितं हुतो."

"दत्तू, गप!"

"गप न्हाई ऱ्हायचो. बाई, लिवून घ्या. माझ्या कारडावर ॲडमिट केला हुता त्येला. त्येच्याकडं कारड न्हवतं. म्या दिलं माझं. त्येची ॲलर्जी माझ्या नावावर चढलीया. चूक माझी हाय. काय करायचंय ते माझं करा, पर त्येला ती सुई देऊ नगा."

रांगेतली सगळी माणसं बघायला लागली. पंपमामांचा आवाज मुळात पंपाच्या घरघरीवर ओरडायची सवय असलेला, तो पार दारापर्यंत गेला. मिलिटरीमामांनी त्यांचा दंड धरला.

"आरं भाड्या, सरूचं काय? सरूचा इचार केलास का?"

"तिनंच धाडलंय मला," पंपमामा म्हणाले. "म्हनली, त्यो माझ्यापायी गप बसंल. तुमी बसू नगा."

मिलिटरीमामांनी दंड सोडला. माझे डोळे भरून आले, आणि मी काही येताजाता रडणारी बाई नाही.

सिस्टर टाइप करत होत्या. "पेनिसिलिन," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि स्क्रीनवरच्या यादीतून शोधून त्यांनी ते निवडलं. "काय झालं होतं, काका? सूज का श्वासाचा त्रास?"

"दोनी."

"दोन्ही." त्यांनी दोन खुणा केल्या. "माहिती कुणी दिली? सोबतचे नातेवाईक." आणखी एक खूण. "झालं. हात पुढे करा."

पंपमामांनी स्वतःचा हात पुढे केला. "तुमचा नाही हो, पेशंटचा," सिस्टर म्हणाल्या आणि मिलिटरीमामांच्या मनगटाला लाल पट्टी बांधली. "ही काढायची नाही. ही बघून सगळ्यांना कळेल. तिकडे बाकावर बसा, बोलावतील. पुढचे कोण?"

मिलिटरीमामा जाऊन बसले. पंपमामा टेबलापासून हलेनात.

"बाई, आन् कारडाचं?"

"कुठलं कार्ड?"

"माझं. म्या सांगितलं न्हवं, त्येला वापराय दिलं हुतं म्हनून."

"ते मी विचारलंच नव्हतं, काका," सिस्टर म्हणाल्या. "ते लिहायला इथं जागा नाही. तुम्ही बाजूला व्हा बरं, मागं पेशंट खोळंबलेत."

मी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं. ते खरोखर घाबरलेले होते.

"मंगल, आता कुनाकडं जायाचं?"

"कुणाकडं नाही, मामा."

"समद्यांच्या म्होरं बोललो की मी. लिवलं न्हाई त्यांनी?"

"नाही."

"म्हंजी सरूचं..."

"चालू राहील. कुणी काही विचारणार नाही."

त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग म्या येवढं बोललो, त्ये गेलं कुटं?"

मी त्यांना म्हटलं, "कुठंच नाही गेलं, मामा."

त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. त्यांनी पिशवी उचलली, बाकावर मिलिटरीमामांच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्यांचा लाल पट्टीचा हात आपल्या मांडीवर घेऊन, आत बोलावणं येईपर्यंत, तसेच धरून राहिले.